डॉक्टरांसमोर बाबा नीट चालतात, घरी मात्र अडखळतात. पार्किन्सनमध्ये चालणं नेमकं तपासतात कसं?

तुमची अडचण मला कळली ती अशी: वडिलांना पार्किन्सन आहे, घरी दारात आणि बाथरूमच्या वळणावर पाय अडतात, मध्यंतरी पडलेही. पण तपासणीच्या दिवशी ते असे झोकात चालून दाखवतात की डॉक्टर 'छान चाललंय' म्हणून मोकळे होतात. मग खरं काय धरायचं, दवाखान्यातलं की घरातलं?

दोन्ही खरं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पार्किन्सनचे पेशंट माझ्याकडे नेहमीचेच. 'इथे बरे चालतात हो, घरी येऊन बघा' हे घरच्यांचं वाक्य आता मी तपासणीचाच भाग धरते.

एरवी आपण चालतो ते विचार न करता. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या आतल्या बेसल गँग्लिया या भागाला डोपामिन हे रसायन कमी पडतं आणि नेमकं हे आपोआप चालणंच बिघडतं. मुद्दाम लक्ष देऊन चाललं तर मेंदूचे दुसरे भाग ते काम अंगावर घेतात आणि थोडा वेळ निभावून नेतात. रिकाम्या कॉरिडॉरमध्ये डॉक्टर 'चाला बघू' म्हणतात तेव्हा माणसाचा सगळा जीव पायात गोळा झालेला असतो. घरी दाराची बेल वाजते, फोन येतो, लघवीची घाई असते. लक्ष तिकडे गेलं की पाय अडलेच. म्हणून सरळ रेषेत दहा-वीस पावलं बघून मत बनवायचं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

न्यूरॉलॉजिस्ट वापरतात त्या मोजपट्टीला एमडीएस-यूपीडीआरएस म्हणतात. हिची आजची आवृत्ती 2008 सालची. खुर्चीतून उठणं, चालणं, पाय अडणं, तोल आणि शरीराची ठेवण या प्रत्येकाला तीत 0 ते 4 गुण असतात. 0 म्हणजे ठीक, 4 म्हणजे फारच बिघडलेलं. चालणं बघताना पेशंटला किमान दहा मीटर चालवून, वळवून परत आणतात. मी पायांआधी हात बघते. एका बाजूचा हात कमी हलतो, हे बऱ्याचदा फार लवकर दिसू लागतं. मग पावलांची लांबी, टाच आधी टेकते की अख्खा तळवा घासत येतो, आणि चालताना वेग आपसूक वाढून पावलं तोकडी होत जातात का. पुढे झुकून चालता चालता धावायला लागण्याची ही खोड जेम्स पार्किन्सन यांनी 1817 च्या त्यांच्या मूळ निबंधातच नोंदवली होती.

तोल बघताना डॉक्टर मागे उभे राहतात, आधी सूचना देतात आणि खांद्यांना धरून झटक्यात मागे ओढतात. एक-दोन पावलांत सावरलं तर ठीक. हे घरी कुणीही करून बघायचं नाही. सावरायला मागे तयारीचा माणूस लागतो.

दुसरी नेहमीची चाचणी म्हणजे 'टाइम्ड अप अँड गो'. हात असलेल्या खुर्चीतून उठायचं, तीन मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. पार्किन्सनमध्ये साधारण साडेअकरा सेकंदांच्या पुढे गेलं की पडण्याच्या धोक्याचा विचार करतात. पण नुसत्या सेकंदांवर माझा फारसा विश्वास नाही. एक निवृत्त शिक्षक होते. गेले झपझप, आलेही झपझप. खुर्ची हातभर राहिली आणि बसायला वळताना टाचा उचलल्या गेल्या, गुडघे थरथरले, पावलं बोटभर बोटभर पडायला लागली. अंग पुरतं वळण्याआधीच हात खुर्ची शोधायला गेला. वेळ वाईट नव्हती, पण पडायची जागा तीच होती. मग त्यांना तेच पुन्हा करायला लावलं, फक्त चालताना शंभरातून तीन-तीन वजा करत मोठ्याने म्हणायचं. 'सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव' झालं आणि एक्याण्णव आठवायला ते चक्क उभे राहिले. चालणं आणि हिशोब एकाच वेळी झेपत नव्हता. तुमच्या वडिलांची अशी दुहेरी कामाची चाचणी झाली नसेल, तर जरूर विचारा.

पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, त्याला आम्ही फ्रीझिंग म्हणतो. ते दवाखान्यात हुलकावणी देतं, म्हणून मुद्दाम बाहेर काढावं लागतं. त्यासाठी सगळ्यात उपयोगी पडतं ते जागच्या जागी भरभर पूर्ण गोल फिरणं, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. अरुंद जागेतून जाणं, मुद्दाम बारीक भरभर पावलं टाकणं हेही करून बघतात. घरच्यांना याचं नवल वाटतं, की दारात अडणारा माणूस जिना मात्र सहज चढतो! हे नाटक नव्हे. जिन्याची प्रत्येक पायरी डोळ्यांना 'इथे पाऊल टाक' अशी खूण देते. नीट चालता न येणारा एक पेशंट सायकल मात्र व्यवस्थित चालवत होता, अशी नोंद 2010 मध्ये एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. म्हणूनच जमिनीवरच्या आडव्या पट्ट्या किंवा मेट्रोनोमच्या (ठरावीक तालात टकटक करणाऱ्या यंत्राच्या) ठोक्याने पाऊल सुधारतं का, हे तपासणीतच बघून घ्यावं. पुढचा व्यायाम त्यावर ठरतो.

आता गोळीचं. लेव्होडोपा या पार्किन्सनच्या नेहमीच्या औषधाचा असर असताना आणि तो उतरल्यावर, तोच माणूस दोन वेगवेगळे वाटू शकतात. गोळी घेऊन तासाभराने तपासणी असेल तर डॉक्टर त्यांचा दिवसातला उत्तम तास बघत असतात. शेवटची गोळी किती वाजता घेतली हे न विचारता केलेली चालण्याची नोंद माझ्या दृष्टीने अर्धवट. मात्र 'खरी परिस्थिती दिसू दे' म्हणून स्वतःच्या मनाने डोस चुकवू नका. असर उतरलेल्या अवस्थेत बघायचं की नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचं. काहींचं फ्रीझिंग गोळीने सुटतं, काहींचं गोळी लागू असतानाही राहतं. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून ही वेळ लिहिणं महत्त्वाचं.

पडण्याचा अंदाज घ्यायला तीन गोष्टी पुष्कळ सांगून जातात: गेल्या वर्षभरात पडले का, गेल्या महिन्यात पाय चिकटले का, आणि नेहमीच्या चालीचा वेग सेकंदाला 1.1 मीटरपेक्षा कमी आहे का. म्हणजे दहा मीटर जायला नऊ सेकंदांहून जास्त लागतात का. पहिल्या दोन तुमच्याकडे आहेतच, त्या डॉक्टरांना आपणहून सांगा. शिवाय आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर, असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजला गेला पाहिजे. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरत असेल, तर काही वेळा पडण्याचं कारण पायांत नसतंच.

घरी तुम्ही करायचं ते व्हिडिओचं. त्यांना विचारूनच काढा. पाय दिसले पाहिजेत. नातेवाईक चेहराच टिपून आणतात. दारातून जाताना, वळताना, खुर्चीत बसताना, कुणाशी तरी बोलत चालताना, मिनिटभराचे तुकडे पुरेत. 'नीट चाला हं' असं म्हणू नका, म्हटलंत की ते परत दवाखान्यासारखे चालतील. प्रत्येक व्हिडिओची वेळ आणि त्याआधीच्या गोळीची वेळ लिहून ठेवा. मोबाइल एकाने धरायचा, दुसऱ्याने त्यांच्या शेजारी राहायचं.

पाय अडलाच तर हात ओढू नका, मागून ढकलू नका. थांबू द्या, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेऊ द्या, मग एक मोठं पाऊल टाकायला सांगा. शेजारी माणूस असेल तर शूटिंग तेवढ्यात बंद करू नका. ते त्यातून कसे सुटतात, हेही डॉक्टरांना बघायला हवं.