एका वेळी एकच

टिळकनगर, इंदूर
रविवार, रात्री

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

सकाळी तू गेलीस, पण तुझी गाडीतल्या बदलांची यादी काही माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मोबाइलवर अकरा ओळी. रिमॅप (म्हणजे इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलणं), डाउनपाइप, ओपन फिल्टर, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, सतरा इंची अलॉय, बुटक्या स्प्रिंगा, आणखी काय काय. आणि सगळ्यात खाली दुकानदाराचं वाक्य: "सगळं एकदम केलं तर लेबर माफ." तू विचारलंस, "काका, यातलं आधी काय करू?" आणि मी उत्तर द्यायचं सोडून बॉनेट उघडून आत बघत उभा राहिलो. तुझा चेहरा उतरला, तो मला दिसला. घरचे म्हणतात कशाला हात लावू नकोस, ऑफिसातली मुलं म्हणतात रिमॅप करायचं नव्हतं तर टर्बो घेतलीसच कशाला, आणि दुकानदार पॅकेज पुढे करतो. तिघांच्या मध्ये तू. समोरासमोर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

गाडीत बदल करावेत की नाही, या वादात मी पडतच नाही. पहिल्या तीन वर्षांच्या पगारातून वाचवून घेतलेली गाडी तू आपल्या हाताने घडवू पाहतेस, ते मला कळतं. मला सांगायचंय ते एवढंच: एका वेळी एकच बदल. एक करायचा, हजार-दोन हजार किलोमीटर गाडी चालवायची, वहीत लिहायचं, मगच दुसऱ्याचं नाव काढायचं. त्या अकरा ओळींपेक्षा मला भीती वाटली ती "एकदम" या शब्दाची.

मी निम्मं आयुष्य पीथमपूरला इंजिनं तपासायच्या टेस्ट बेडवर काढलं. तिथे दिवसाचं पहिलं काम म्हणजे पहिल्या रकान्यात हवेचं तापमान, आर्द्रता आणि बॅरोमीटरचा आकडा लिहिणं. तो आकडा ९५० मिलिबारच्या आसपास असायचा. समुद्रकाठी तो १०१३ असतो. आपण साडेपाचशे मीटर उंचीवर राहतो, आपल्याकडे हवाच सहा टक्के विरळ. साध्या इंजिनाची ताकद तेवढी इथे कमी होते. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, मात्र कमी पडू देत नाही, तो जास्त फिरून ती तूट भरून काढतो. म्हणजे मुंबईत जे काम तो आरामात करतो, तेच इंदुरात करताना त्याला आधीच थोडी धाप लागलेली असते. त्यात मे महिन्यातलं ४२ अंशांचं ऊन. हवा दाबली की तापते, ती थंड करायला इंटरकूलर असतो, पण बाहेरचीच हवा तापलेली असेल तर तो तरी काय करणार? मग दुसऱ्या शहरात, दुसऱ्या हवेत बसवलेला रिमॅपचा आकडा तू इथे डोळे मिटून कसा घेणार? आधी तुझी गाडी इथल्या हवेत काय करते ते तरी माहीत हवं की नको?

टर्बो गाडी फसवी असते बेटा. आमच्या जुन्या गाड्यांत पाच हॉर्सपॉवर वाढवायला हेड उतरवून महिनाभर घासावं लागायचं. त्या कष्टात माणूस आपोआप शिकायचा. तुझ्या आय-ट्वेंटी एन लाइनच्या ९९८ सीसीमधून कंपनीनेच १२० पीएस ताकद आणि १७२ न्यूटन मीटर टॉर्क काढलाय. आता लॅपटॉप जोडून अर्ध्या तासात त्यात आणखी भर घालता येते. दाब वाढवला की ताकद वाढते, इतकं ते सोपं आहे. पण पिस्टन तोच, क्लच तोच, प्लग तेच, रेडिएटर तोच. ऑफिसातल्या त्या मुलाचं बघून तू भुललीस, पण त्याच्या गाडीला सात गिअरांचा, आपोआप गिअर बदलणारा, ड्राय क्लचवाला डीएसजी आहे. डीक्यू २०० नावाच्या त्या गिअरबॉक्सला बनवणाऱ्यांनीच २५० न्यूटन मीटरची मर्यादा घातली आहे. तुझ्याकडे हाताचा गिअर, तुझं दुखणं वेगळं निघेल. चौथ्या-पाचव्या गिअरात पाय दाबलास की आरपीएम वर आणि वेग तिथेच, म्हणजे क्लच स्लिप. हे तुला ओळखता यायचं असेल तर क्लच धडधाकट असताना गाडी कशी उचलते ते पायाला ठाऊक हवं.

आता माझं ऐक. हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

२०१० मध्ये मी एक वापरलेली टर्बो पेट्रोल सेडान घेतली. माझ्या आयुष्यातली पहिली टर्बो. कामावर रोज सही करून "एका चाचणीत एकच बदल" पाळणारा मी, घरच्या गाडीत मात्र एका आठवड्यात चार गोष्टी बसवून मोकळा झालो: ट्यूनिंग बॉक्स, मोकळा एग्झॉस्ट, उघडा फिल्टर आणि नवे प्लग. ट्यूनिंग बॉक्स म्हणजे सेन्सरच्या मध्ये बसून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, खोटं सांगणारा डबा. दाब आहे त्यापेक्षा कमी सांगतो, मग ईसीयू बिचारा आणखी वाढवतो. गाडी पळायला लागली. पंधरा दिवस मी हवेत होतो.

एप्रिलमध्ये आईला महेश्वरला घेऊन गेलो. नर्मदेचं स्नान झालं, परतताना दुपार झाली. एसी चालू, गाडीत पाच माणसं, डिकीत सामान. मानपूरच्या घाटाच्या चढावर तिसऱ्या गिअरात पाय दाबून ठेवला होता. डब्यात खडे हलवावेत तसा बारीक आवाज येत होता, नॉकिंगचा: ठिणगीनंतर उरलेलं पेट्रोल सिलिंडरात एकदम भडकतं तेव्हाचा. मी तो ऐकला. टेस्ट बेडवर हाच आवाज ऐकून मी शेकडो वेळा इंजिन बंद केलं होतं. त्या दिवशी मात्र पाय उचलला नाही, कारण पुढे ट्रक होता आणि मला त्याच्या पुढे जायचं होतं. दोन वळणांनंतर ताकद गेली आणि आरशात निळा धूर दिसला. आई रस्त्याकडेला दगडावर पदर डोक्यावरून घेऊन दोन तास बसली. नर्मदेच्या पाण्याचा गडू मांडीवर. एक शब्द बोलली नाही.

इंजिन उघडलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची, पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली कड तुटून आलेली होती. त्या सिलिंडरचा प्लग अजून माझ्याकडे आहे, रविवारी दाखवतो. पांढऱ्या पोर्सलेनवर मिरी भुरभुरावी तसे ठिपके आहेत. भिंगातून बघितलेस तर त्यातले काही चांदीसारखे चमकतात. ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. नॉकिंगने वितळून उडालं आणि प्लगवर जाऊन चिकटलं.

आणि खरं दुःख पुढेच आहे. चारांतल्या कशाने हे झालं, ते मला कधीच कळलं नाही. डबा विकणारा म्हणाला, पेट्रोल भेसळीचं. गॅरेजवाला म्हणाला, प्लग चुकीचे. तिसऱ्याने फिल्टरवर ढकललं. प्रत्येकाचं म्हणणं शक्य होतं, कारण मी चारही गोष्टी एकत्र केल्या होत्या. इंजिनाचे पैसे गेले, ते फिटले. पण त्या मोडण्यातून काही शिकायची सोयही मी ठेवली नव्हती. त्यानंतर आई माझ्या गाडीत बसायच्या आधी दर वेळी विचारायची, "आज काही बदललं नाहीस ना रे?" जाईपर्यंत विचारत राहिली.

म्हणून मी हट्टी आहे. आपल्यातले काही जण मला भित्रा म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. एका मित्राच्या मुलाने गाडी घेतल्याच्या महिन्यात सगळं करून घेतलं आणि चाळीस हजार किलोमीटर झाले, काही झालं नाही. तो मला भेटला की हे मुद्दाम सांगतो. मी म्हणतो, छान, देव करो आणि लाखभर चालो. पण ती का चालते आहे हे त्याला सांगता येत नाही, आणि उद्या थांबली तर का थांबली तेही सांगता येणार नाही. मला ते सांगता यायला हवं. माझ्या आताच्या गाडीला मी सतरा इंची चाकं लावली होती. दुसरं काहीच बदललं नव्हतं. वहीत लिहिलेलं आहे: तिसरा गिअर, ४० ते ८०, आधी ६.४ सेकंद, नंतर ६.७. अ‍ॅव्हरेज एकाने खाली. खड्ड्यात दणका कंबरेपर्यंत. दोन महिन्यांनी काढून विकली. सोबत रिमॅप केलं असतं तर हे मला आयुष्यात कळलं नसतं. वेग वाढल्याच्या आनंदात जड चाकं तशीच घेऊन फिरलो असतो. याला कुणी भित्रेपणा म्हणत असेल तर म्हणो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पहिले पाच हजार किलोमीटर काहीच नाही. आणि "काहीच नाही"मध्येही पुष्कळ करण्यासारखं आहे. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिले चार-पाच किलोमीटर पाय हलका. टर्बोचा दांडा मिनिटाला लाख-दीड लाखांवर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. थंड तेल तिथे उशिरा पोचतं. घाट चढून आलीस की शेवटचे दोन किलोमीटर सावकाश ये, लगेच किल्ली फिरवू नकोस. सहाव्या गिअरात बाराशे आरपीएमला असताना पाय दाबून ओढायची नाही, खालचा गिअर घे. लहान टर्बो इंजिनात कमी फेऱ्यांवर जास्त भार टाकला की ठिणगीच्या आधीच पेट घेण्याचा धोका असतो, आणि तो साध्या नॉकिंगपेक्षा वाईट. त्यासाठीच तेलाच्या कसोट्या बदलल्या: २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आली, २०२० मध्ये एसपी. डब्यावर एसपी आणि मॅन्युअलमधला ग्रेड, दोन्ही बघून घे. कंपनी दहा हजारांवर तेल बदलायला सांगते. तू आपल्या धुळीत आणि ट्रॅफिकमध्ये साडेसात हजारांवर बदल. हाच तुझा पहिला बदल समज.

दुसरा, ब्रेक. हो, वेगाच्या आधी ब्रेक. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ कोरं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ती हमी १५५वर येते. जाम गेटचा उतार उतरताना पेडल मऊ लागायला लागलं की हे आकडे आठवतील. दर दोन वर्षांनी बदलायचं, आणि बरे पॅड टाकायचे ते जुने झिजल्यावर. तिसरा, टायर. साइज तीच, १९५/५५ आर १६, रबर चांगलं. गाडी जमिनीला चार तळहातांएवढ्या जागेत टेकते. तिथे पैसा घातलास की ब्रेक, वळण, पाऊस, सगळ्यात फरक कळतो. पण ब्रेक आणि टायर एकाच दिवशी नाही. हसू नकोस. एकाच दिवशी नाही.

हवेचा फिल्टर घ्यायचाच असेल तर कंपनीच्या डब्यात बसणारा घे. उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, म्हणजे आवाज विकत घेऊन ताकद विकायची. पाय उचलला की टर्बोची दाबलेली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्लो-ऑफचा फुस्स आवाज तुला आवडतो, ठीक, पण तो केवळ आवाज आहे. कंपनीने ती हवा परत आत वळवली आहे ती कारणाने. डाउनपाइपमधला, म्हणजे टर्बोनंतरच्या नळीतला, धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक काढायचा विषय मात्र माझ्याकडे काढायचाच नाही. २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं आलेलं आपलं गाव, घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा करणारे आपण, आणि न जळलेलं पेट्रोल मागच्या स्कूटरवरच्या लेकराच्या तोंडावर सोडायचं? नाही.

कायदाही माहीत असू दे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींचा रोख एकच: कंपनीने नोंदवलेल्या स्वरूपाला धक्का नको. कलम १८२ए प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा आणि वॉरंटीचं दुखणं वेगळंच. रिमॅपला मी शेवटी ठेवतो त्याचं हेही एक कारण. वॉरंटी संपू दे, वहीत दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे नोंदवले जाऊ देत, मग आपण दोघं बसून ठरवू. कदाचित तोवर तुला गरजच वाटणार नाही. वाटली तर मी अडवणार नाही, प्लग काढून बघायला मी बरोबर येईन.

रागावून लिहिलं असेन तर मनाला लावून घेऊ नकोस. दुकानदाराला उद्या फोन करून पॅकेज नको म्हण. लेबर माफ वगैरेच्या नादी लागू नकोस.

पुढच्या रविवारी सकाळी सहाला ये, सुपर कॉरिडॉर त्या वेळी मोकळा असतो. टाकी फुल्ल, डिकी रिकामी. टायरचं प्रेशर निघायच्या आधी, गाडी रात्रभर थंड झालेली असताना, तुझ्याच घरी मोजायचं. दारावरच्या पट्टीवरचा आकडा आणि तुझा आकडा, दोन्ही नव्या वहीच्या पहिल्या पानावर तारखेसकट लिहून आण. बॅरोमीटर माझ्याकडे आहे. पोहे आल्यावर करू.

तुझा,
काका