भूकंपात समुद्राखालचा बोगदा सुरक्षित असतो का?
भूकंप झाला की समुद्राखालचा बोगदा फुटून पाणी आत येईल अशी भीती बऱ्याच जणांना वाटते, पण खरं तर बोगदा जमिनीसोबतच हलतो, उंच बिल्डिंगसारखा वर झुलत नाही, म्हणून त्याला हादरा कमी बसतो. १९८९ ला सॅन फ्रान्सिस्कोजवळ ६.९ चा भूकंप झाला, तिथल्या बे ब्रिजचा एक भाग कोसळला पण खाडीखालची बार्टची (तिथल्या लोकल रेल्वेची) ट्यूब, म्हणजे बोगदा, टिकला आणि लोकांना ये-जा करायला तोच कामाला आला! इस्तंबूलच्या मार्माराय या समुद्राखालच्या रेल्वे बोगद्यात तर लवचिक जॉइंट टाकलेत. खरा धोका फॉल्ट (जमिनीतली सरकणारी भेग) थेट बोगद्यातूनच जात असेल तर, किंवा आजूबाजूची ओली वाळू भूकंपात चिखलासारखी पातळ झाली तर, म्हणून आधी जमीन नीट तपासणं फार गरजेचं.