विट्याच्या मुलीला डॉक्युमेंटरी करायची आहे

प्रश्न : मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, इतिहास घेऊन. माझे वडील मुंबईत कापड गिरणीत साचे (माग) चालवायचे, संपात नोकरी गेली. आता ही म्हणते, विसरलेल्या संपांवर डॉक्युमेंटरी करणार, तेच करिअर. यात पोट भरतं का? – एक पालक, विटा

उत्तर : पहिली काही वर्षं तरी नुसत्या डॉक्युमेंटरीवर नाही भरत. या वाटेनं गेलेली बहुतेक मंडळी एडिटिंग, संस्थांच्या फिल्म, अगदी लग्नाचं शूटिंग करून घर चालवतात आणि मधल्या वेळात स्वतःचं काम रेटतात. म्हणून पदवी पुरी करायची, ही अट घालाच. पुढे पुण्याची फिल्म संस्था एफटीआयआय आहे, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा (टिस) माध्यम आणि संस्कृती अभ्यासातला एम.ए. आहे. तिचा कल बघता मला दुसरा बरा वाटतो. तिथं संशोधन आणि फिल्म दोन्ही करावं लागतं.

विषय मात्र पोरीनं नेमका धरलाय. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. संपाचे नेते दत्ता सामंत, लालबाग-परळ, बंद पडलेले भोंगे हे सगळं लोकांना माहीत आहे. पण खोलीचं भाडं आणि खानावळ परवडेना म्हणून जे गावी परतले, त्यांचं काय झालं? तुमच्याच खानापूर तालुक्यात अशा परतलेल्या कामगारांतून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. वर दुष्काळ, आणि येरळा नदीची वाळू ठेकेदार उचलून नेतायत. लोकांनी हिशोब मांडला : थोडी वाळू आपणच विकू, त्या पैशातून बंधारा बांधू. बलवडी-तांदुळवाडीचं बळीराजा धरण त्यातून झालं. गिरणीच्या संपाची गोष्ट येरळेच्या पात्रात येऊन पोचते, आणि ही मुलगी तिथून एसटीच्या अंतरावर राहते. मुंबईच्या दिग्दर्शकाला ही सोय नाही.

तेव्हा पंचविशीत असलेला गडी आज सत्तरीच्या आसपास आहे. त्यामुळे कॅमेरा घेऊन द्यायचा की नाही, यावर वाद घालत बसू नका. मोबाइल चालेल, पैसे असतील तर कॉलर माइक घ्या. चित्र हललं तरी लोक बघतात, आवाज कळला नाही तर उठून जातात. सुरुवात घरातूनच. पंखा बंद, टीव्ही बंद. ‘संपाबद्दल सांगा’ म्हटलं की आजोबा भाषण देतील, म्हणून विचारायचं, पहिल्या पाळीला किती वाजता उठायचात, एका खोलीत किती जण झोपायचात, गावी परत आलात तेव्हा आजी काय म्हणाली. ट्रंकेत गिरणीचा पास, पगाराची चिठ्ठी असेल तर त्यांच्या हातात देऊन बोलतं करायचं. मध्येच ते गप्प झाले तर रेकॉर्डिंग थांबवायचं नाही. ही चूक प्रत्येक नवखा करतो. मीही केली होती.

झालेलं रेकॉर्डिंग त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवून ठेवायला सांगा. आणि वर्षभरात अशी दहा म्हातारी माणसं तिनं नेटानं रेकॉर्ड केली, तर मला पुन्हा लिहा. मग कोर्सच्या फीचं बोलू.