सायबर तपासाचं प्रशिक्षण घेतलेल्या पीआयला (पोलीस निरीक्षकाला) नागपूर गुन्हे शाखेतच कायम ठेवता येतं का?

नाही, मुदत संपली की तोही इतरांसारखाच बदलीस पात्र ठरतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २२-एननुसार पीएसआय (उपनिरीक्षक) ते पीआय यांची सर्वसाधारण मुदत पोलीस ठाण्यात २ वर्षं, आयुक्तालयाच्या गुन्हे शाखेत ३ आणि मुंबई सोडून इतर आयुक्तालयात, म्हणजे नागपुरातही, एकूण ६ वर्षं. मुदत हुद्दा आणि जागा बघून ठरते, प्रशिक्षण बघून नाही. खरी गोम इथेच आहे. त्यात आयटी कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे त्या कायद्याखालच्या गुन्ह्यांचा तपास पीआय किंवा त्यावरच्याच हुद्द्याकडे, त्यामुळे साहेब बदलले की फाईल पुन्हा पहिल्या पानापासून. मुदतीआधी उगाच हलवता येत नाही. पण जनहित आणि प्रशासकीय निकड दाखवून पोलीस आस्थापना मंडळ, म्हणजे बदल्या ठरवणारं मंडळ, मध्येच बदली करू शकतं.