फॉर्म तुम्ही भरलात, परीक्षा तिला द्यायची आहे

प्रश्न : मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हवामान बदलाच्या संकटातून लष्करी तळ वाचवायचं काम करायचं म्हणते. मला ते झाडं लावण्यासारखं वाटतं. मी तिचा सीडीएसचा, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी भरतीच्या परीक्षेचा फॉर्म भरून टाकला. हल्ली ती घरात फारशी बोलत नाही. तिला कसं समजवावं?

उत्तर : ती बोलत नाही, हे तुम्ही ओघात लिहून गेलात. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. फॉर्मवर नाव तिचं, फोटो तिचा आणि निर्णय तुमचा. मग तिनं बोलायचं तरी काय? शिवाय सैन्यात का यायचंय, हे एसएसबीत, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्या-मुलाखतीत, तिलाच विचारतील. पाच दिवसांच्या त्या निवडीत उसनी इच्छा टिकत नाही, हे तुम्ही जाणता.

आता झाडं लावण्याबद्दल. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायकेल चक्रीवादळानं फ्लोरिडातल्या टिंडल हवाई तळाच्या जवळपास प्रत्येक इमारतीचं नुकसान केलं. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेतल्याच नेब्रास्कातल्या ऑफट हवाई तळाचा सुमारे एक तृतीयांश भाग पुरात गेला. आपल्याकडे २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळानं विशाखापट्टणमच्या आयएनएस डेगा या नौदलाच्या हवाई तळाला तडाखा दिला. शत्रूनं एक गोळी न झाडता तळ बंद पडू शकतो. सगळं एकदम भक्कम करायला पैसा कधीच पुरत नाही, म्हणून आधी काय करायचं हे ठरवणं, हेच तुमच्या मुलीला खुणावणारं काम आहे. सर्वात महागडी इमारत आधी, असं इथे चालत नाही. विमान ठेवायचं हँगर मजबूत केलं आणि त्याला वीज देणारं सबस्टेशन सखल जागी राहिलं, तर विमान शाबूत राहील, उड्डाण होणार नाही. काय बंद पडलं तर मोहीम थांबेल, त्याला पर्याय आहे का, पाणी कुठवर चढेल, कुंपणाबाहेरचा एकुलता एक रस्ता वाहून गेला तर काय, हे सगळं मोजावं लागतं. वीज गेल्यावर तळाचं काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. या विषयात तिचे पहिले शिक्षक तुम्हीच होऊ शकता.

मार्ग ओळखीचेच आहेत: यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षेतून लष्करी तळांची बांधकामं पाहणारी मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, किंवा जलशास्त्रात एम.टेक. गणवेश हवा असेल तर इंजिनिअरांसाठीची सैन्यातली टेक्निकल एंट्री आहेच, पण तो तिला हवा असेल तर.

तिला समजावू नका. तुम्ही राहिलेल्या एखाद्या तळावर पावसाळ्यात काय काय बंद पडायचं, ते तिला सांगा आणि आधी काय दुरुस्त करशील, ते विचारा. सीडीएसला बसायचं की नाही, हे तिला ठरवू द्या.