काळ्या मातीत पाणी साचतं, भाजीसाठी विटांचे वाफे करावे का?

तुमचं म्हणणं असं की घरामागे काळी माती आहे, पावसात पाणी साचतं आणि मिरचीची रोपं पिवळी पडून मरतात, तर विटांचे उंच वाफे करून फरक पडेल का. पडेल, बिनधास्त करा. शेतात गादीवाफे करतात तेच हे, फक्त कडेने विटा.

मी पहिला वाफा हौसेने ५ फूट रुंद केला आणि फसलो, मधलं तण काढायला दर वेळी आत पाय टाकायचा, की माती दबून परत दगड. ४ फुटांच्या वर जाऊ नका, भिंतीला लागून असेल तर २ फूटच. ८ बाय ४ च्या वाफ्याला एका थरात ३२-३३ विटा लागतात, चार थर रचले की फूटभर उंची, म्हणजे १३० विटा आणि फुटतील त्या वेगळ्या. सिमेंट कशाला, नुसत्या सांधे चुकवून रचा, खालच्या थरात मध्येमध्ये बोटभर फट सोडा. तळाला प्लास्टिक नकोच, तण येऊ नये म्हणून लोक टाकतात आणि वाफ्याचा हौद होतो.

पण विटांचं सोडा, आत काय भरता ते महत्त्वाचं. मी गोठ्यातून फुकट मिळालं म्हणून कच्चं शेण आणून टाकलं, दोन महिन्यांनी वांग्याची रोपं माना टाकायला लागली, एक उपटलं तर मुळंच नाहीत आणि खाली हुमणीच्या पांढऱ्या अळ्या वेटोळं करून बसलेल्या!! सगळा वाफा उकरावा लागला. आता तळाला ३-४ इंच पालापाचोळा नाहीतर उसाचं पाचट, वर दोन पाट्या मातीला एक पाटी चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक पाटी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शिवाय किलोभर निंबोळी पेंड.

(गच्चीवर हे करू नका हं, ओली माती घनफुटाला ४५-५० किलो भरते, एवढा वाफा दीड टनाच्या घरात जातो.)

पहिल्या पावसाळ्यात माती तीन-चार इंच खाली बसेल, बसू दे, दसऱ्याच्या सुमारास वरून शेणखताचा थर द्या आणि मेथी, पालक पेरा. उन्हाळ्यात मात्र हे वाफे लवकर सुकतात, तेव्हा पाचट अंथरा आणि पाणी संध्याकाळीच द्या.