पोट्टी सुपरहिरो झाली, आता काय करू?

"मॅडम, पिक्चर पाहू पाहू पोट्टी बिघडली" हे दिवाळीनंतर मला हमखास ऐकायला मिळतं, म्हणून एक केस सविस्तरच लिहिते. दारव्हा तालुक्यातलं कुटुंब, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. पोरगी नऊ वर्षांची. दिवाळीत मामाकडे डीसी सुपर हिरो गर्ल्सचा २०१६ चा 'हिरो ऑफ द इयर' पाहिला आणि मामानं तो घरच्या जुन्या मोबाईलवर टाकूनही दिला, मग काय, रोजच सुरू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सुपर हिरो हाय नावाची शाळा आहे, वंडर वुमन, सुपरगर्ल, बॅटगर्ल या शाळकरी वयाच्या पोरी तिथं शिकतात आणि एक्लिप्सोशी लढतात. मी बसून पूर्ण पाहिला, मला त्यात घाबरण्यासारखं काही दिसलं नाही.

आई म्हणे, "स्लॅबवरून कुटाराच्या ढिगात उडी मारली ताई, पाय मुरगळला. तिले वाटते आपुन उडतो." आजीचं दुसरंच, "पोट्ट्यायसारखी करून राहिली, कोन करन इले पुढं?" बाप गप्प.

आता हाडं मोडण्याची काळजी वेगळी आणि पोरगी पोरीसारखी राहत नाही ही काळजी वेगळी, पण घरी दोन्ही एकत्र करून तिला रागावणं चालू होतं, त्यामुळे तिला कळतच नव्हतं की नेमकं चुकलं काय, उडी का सुपरहिरो होणं.

मी तिला एकटीला विचारलं, तू कोण? "बॅटगर्ल." मग उडता येतं? मी किती अडाणी अशा नजरेनं पाहून म्हणते, "तिले पॉवरच नसते मॅडम, ते डोकं लावते. दोरीनं जाते." कोणती दोरी गं? "बैलाचं दावं." ते कमरेला बांधायचं, आणि आईची ओढणी गळ्यात गाठ मारून, ती झाली केप. खरं सांगते, उडीपेक्षा मला याचीच जास्त भीती वाटली. ओढणी कुठं अडकली की गळ्याला फास बसतो, घरात कोणाच्या हे डोक्यातच नव्हतं.

नऊ वर्षांच्या लेकराला खरं काय खोटं काय चांगलं समजते. "ते सगळं खोटं असते" हे लेक्चर कामाचं नाही. त्यांना उंचीचा अंदाज नसतो, आणि मोठं कोणी पाहत नसते तेव्हा तर हिंमत जास्तच येते. कापूस वेचणीचे दिवस, आई सकाळीच वावरात, आजीला दिसते कमी, मोबाईल हाताशी आणि पोरगी मोकळी. पिक्चरपेक्षा मला हे मोठं वाटलं. म्हणून मोबाईल बंद करा असं मी म्हटलं नाही, आई घरी आल्यावरच मिळेल असं ठरवलं, तेही रोज एक पिक्चर होईल इतकंच. बालरोगतज्ज्ञांची इंडियन अकॅडमी पाच ते दहा वर्षांच्या पोरांसाठी दिवसाला दोन तासांच्या आत स्क्रीन सांगते, मोबाईल टीव्ही सगळं धरून. गळ्यात काही बांधायचं नाही, केप खांद्यावर पिननं लावायची. दाव्याला हात नाही. तुझ्या कमरेपेक्षा उंचावरून उडी नाही. नियम तिच्याकडूनच म्हणून घेतले, बॅटगर्ल डोकं लावते ना, मग लाव.

इथं बाप पहिल्यांदा बोलला. १९९७ ला दूरदर्शनवर शक्तिमान आला तेव्हा तो पण गिरक्या घेऊ घेऊ ओसरीत पडायचा म्हणे. तेव्हाही पोरं नक्कल करतात म्हणून ओरड झालीच होती! त्यानंच मग निंबाच्या फांदीला ट्रॅक्टरचं जुनं टायर बांधून दिलं, जमिनीपासून हातभर.

कोणी विचारेल, काळजी कधी करायची? नियम सांगूनही परत परत उंचावरून उडी मारत असेल, मुद्दाम दुसऱ्या लेकराला मारत असेल, झोप किंवा खाणं बिघडलं, शाळेत जायला अचानक नाही म्हणायला लागली, किंवा "मले कोणापासून तरी वाचायचं आहे" असा खेळ सारखा खेळत असेल, तर बसून शांतपणे विचारा आणि दाखवा. या पोरीत यातलं काही नव्हतं.

आजीचा प्रश्न सुटला नाही. तिला म्हटलं, पोरगी धावते, चढते, भीत नाही, यात दवाखान्यात आणण्यासारखं काही नाही. आजी म्हणे, "तुमाले काय जाते मॅडम." त्यावर सूनच बोलली, "राहू द्या ना आत्याबाई, वेचणीले आपुन जातो तं सापाकिड्यातूनच जातो." पुढच्या वेळी सासू-सून दोघींना एकत्र बोलावलंय.